आधी चौक, मग घर

सिरुसेरीत उजेडाची टंचाई नाही. चेन्नईच्या दक्षिणेला ओएमआरवर, म्हणजे ओल्ड महाबलीपुरम रोडवर, वसलेलं हे गाव आता सिपकॉटच्या आयटी पार्कमुळे ओळखलं जातं. टीसीएसचं अवाढव्य संकुल इथेच आहे, उरुग्वेच्या कार्लोस ऑट आणि कार्लोस पोन्से दे लेऑन या वास्तुरचनाकारांनी आखलेलं. आजूबाजूला निवासी मनोरे उभे आहेत आणि वरच्या मजल्यांवरच्या फ्लॅटमध्ये सकाळी आठलाच पडदे ओढून घ्यावे लागतात. इथे नोकरीनिमित्त आलेली मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी जमली की एक विषय मात्र हमखास निघतो: गावाकडच्या जुन्या घराचं काय करायचं? गाव म्हणजे पुण्याची कसबा किंवा शनिवार पेठ, नाहीतर वाई, सातारा. जागा अठरा-वीस फूट रुंद, साठ-सत्तर फूट खोल. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे बोळ, मागे कुणाचं तरी परसू. वाडा पडायला आलाय, भावंडांत एकमत होत नाही, आणि झालंच तर शेवटी कुणीतरी म्हणतं, पण त्या अंधारात राहणार कोण?

प्रश्न रास्त आहे. त्याचं एक चांगलं उत्तर सिरुसेरीहून फार लांबही नाही. ओएमआरने खाली केळंबाक्कमला जायचं, डावीकडे वळून बकिंगहॅम कालवा आणि खाडी ओलांडत कोवळम गाठायचं आणि ईसीआरने, म्हणजे ईस्ट कोस्ट रोडने, थोडं उत्तरेला यायचं, की मुट्टुकाडूचं दक्षिणचित्र लागतं. डेबोरा त्यागराजन यांच्या मद्रास क्राफ्ट फाउंडेशनने १९९६ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. त्याच्या आखणीत वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांचा हात होता. दक्षिणी राज्यांतली पडायला आलेली जुनी घरं विकत घेऊन, खांब-तुळया सुट्या करून, इथे आणून पुन्हा उभी केली आहेत. आपल्या इलकली साडीमुळे माहीत असलेल्या इलकल गावच्या विणकराचं घरही त्यांत आहे. बहुतेक पाहुणे चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याच्या घरातले कोरीव खांब बघून खूश होतात. अरुंद जागेची काळजी असणाऱ्याने मात्र अग्रहाराच्या घरात जाऊन बसावं.

अग्रहार म्हणजे देवळालगतची ब्राह्मणांची आळी, एकाला एक चिकटलेल्या घरांची. तिथलं घर म्हणजे एक लांबच लांब पट्टा. रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा. मग अरुंद वाट, मग कूडम हा मुख्य सोपा, त्याला लागून मुत्रम म्हणजे आकाशाला उघडा चौक, मग स्वयंपाकघर आणि शेवटी विहीर असलेलं परस. दारं एका रेषेत असतात, त्यामुळे रस्त्यावरून पाहिलं तर नजर थेट मागच्या परसापर्यंत पोचते. बाजूच्या भिंतींना एकही खिडकी नाही, असणं शक्यच नाही. तरीही दुपारी बारा वाजता कूडममध्ये बसून वर्तमानपत्र वाचता येतं. सगळा उजेड मुत्रममधून येतो. चारी बाजूंची कौलं आत उतरलेली, त्यांच्या पागोळ्या चौकात पडणार आणि तिथून दगडी पन्हळीने पाणी बाहेर जाणार. छपराची कड इतकी खाली आणलेली असते की आकाशाचा लखलखाट थेट डोळ्यांत येत नाही. तो आधी फरशीवर पडतो आणि तिथून उसळून छताच्या खालच्या अंगाला लागतो.

आपल्या वाड्याची गोष्ट वेगळी नाही. दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, सोपा, माजघर, परसू: क्रम तोच, माणसं निराळी. तंजावरला एकोजीराजांच्या मागोमाग गेलेल्या मराठी कुटुंबांना तिथली घरं फारशी परकी वाटली नसणार.

आता हा अंधार येतो कुठून, ते पाहू. खिडकीतून येणारा उजेड खोलीत फार आत जात नाही. साधा ठोकताळा असा, की खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत कामाचा उजेड पोचतो. माथा सात फुटांवर असेल तर चौदा ते सतरा फूट. राष्ट्रीय इमारत संहिता जरा सढळ आहे: उघडणीपासून साडेसात मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे साडेचोवीस फुटांपेक्षा, लांब असलेला खोलीचा भाग प्रकाशित धरायचा नाही, असं ती सांगते. हिशोब ठोकताळ्याने केला, तर साठ फूट खोल घरात पुढून पंधरा आणि मागून पंधरा फूट उजळतील आणि मधले तीस फूट दिवसा दिवा लावून वापरावे लागतील. अर्धं घर! पेठांमधल्या कित्येक इमारतींमध्ये नेमकं हेच झालेलं दिसतं. वाडा पाडला, जागा पुरेपूर भरली, मधोमध तीन फुटांची डक्ट सोडली आणि तिच्यात ड्रेनेजचे पाइप घातले. त्या डक्टवर उघडणारी खिडकी नकाशात खिडकी असते, घरात नसते.

खिडकी मोठी केली की काम भागतं, असंही नाही. संहितेत उघडणीचं किमान माप हवामानानुसार आहे. कोरड्या उष्ण प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाचा दहावा भाग, उष्ण-दमट प्रदेशात, म्हणजे चेन्नईसारख्या ठिकाणी, सहावा भाग. हे झालं क्षेत्रफळ. समोर पाच फुटांवर शेजाऱ्याची चार मजली भिंत असेल, तर मोठ्या खिडकीतून मोठी भिंत दिसते, एवढंच. उजेड येतो तो आकाशाच्या तुकड्यातून, आणि खिडकीत बसून जेवढं आकाश दिसतं त्या प्रमाणातच. पावसाळी ढगाळ आकाशात तर डोक्यावरचा भाग क्षितिजालगतच्या भागापेक्षा साधारण तिप्पट उजळ असतो. म्हणजे जून ते सप्टेंबर पुण्यात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईत, वरून घेतलेला एक चौरस फूट उजेड बाजूच्या खिडकीतल्या कित्येक चौरस फुटांना भारी पडतो. कोकणातल्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर एकच काचेचं कौल असतं, आणि तेवढ्यावर भाकरी थापता येते.

म्हणून अरुंद जागेवर घर आखताना आधी भोक आखावं, मग त्याच्याभोवती घर. आपण नेमकं उलट करतो. हॉल, बेडरूम, किचन मांडून होतात आणि उरलेल्या कोपऱ्यात ‘लाइट मिळेल’ म्हणून चार बाय चारचा खड्डा सोडतो.

समजा, पुण्यातली अठरा बाय साठ फुटांची जागा आहे. रस्ता दक्षिणेला. बाजूच्या नऊ-नऊ इंची भिंती वजा केल्या की आत साडेसोळा फूट उरतात. पुढचा भाग अठरा फूट खोल, मग बारा फुटांचा चौक, मग बावीस फुटांचा मागचा भाग आणि शेवटी आठ फुटांचं परसू. चौकाच्या एका बाजूने चार-साडेचार फुटांची पडवी जाईल, म्हणजे चौक साधारण बारा बाय बारा. संहितेप्रमाणे राहत्या खोल्या आतल्या मोकळ्या जागेवर उघडायच्या असतील, तर ती तीन मीटर म्हणजे दहा फुटांहून अरुंद चालत नाही. आपला चौक त्यात बसतो. आता मागच्या भागात दोन्हीकडून उजेड येतो आणि कुठलीही जागा उघडणीपासून अकरा फुटांहून लांब राहत नाही. अंधार संपला. खर्ची पडले ते शंभर-दीडशे चौरस फूट, आणि पेठेतल्या भावाने ते ऐकल्यावर घरात शांतता पसरते. पण आकाशाला उघडी जागा एफएसआयमध्ये धरत नाहीत. शिवाय ज्या अंधाऱ्या खोलीत शेवटी गाद्या, कुलर आणि लग्नातली भांडी ठेवली जातात, ती बांधायलाही दर चौरस फुटाला तेवढेच पैसे पडतात.

ऊन कुठवर येईल, हे कागदावर मांडता येतं आणि मांडायलाच हवं. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य तिथे दक्षिणेला क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. या कोनात दहा फूट उंचीची सावली नऊ फूट पडते. आपल्या घराचा दक्षिणेकडचा भाग एकमजली ठेवला आणि स्लॅबचा माथा दहा फुटांवर असला, तर बारा फुटांच्या चौकात नऊ फूट सावली पडेल आणि उत्तरेकडच्या तीन फुटांत थंडीतलं ऊन उतरेल; वाळवणाला तेवढं पुरतं, आजोबांच्या खुर्चीलाही. आता त्याच गच्चीला साडेतीन फुटांचा भरीव विटांचा कठडा बांधा. उंची साडेतेरा, सावली बारा फुटांच्या पुढे. ऊन गेलं! गजांचा किंवा जाळीचा कठडा केला असता तर राहिलं असतं. आणि पुढचाही भाग दुमजली केला, तर डिसेंबरचं ऊन मागच्या भिंतीवर साडेसहा फुटांच्या वरच लागेल. तळमजल्याच्या वाट्याला खिडकीच्या माथ्यापुरतं. एका कठड्याने घरातला हिवाळा ठरतो, आणि तो कठडा बहुधा शेवटच्या आठवड्यात मिस्त्रीच्या मनाने बांधला जातो.

जागा दक्षिण-उत्तर नसून पूर्व-पश्चिम असली तर गणित बदलतं. मग शेजाऱ्याची दक्षिणेकडची भिंतच ऊन अडवते आणि ती किती उंच जाईल हे आपल्या हातात नसतं. तिथे मी तरी घर उलटं करीन: झोपायच्या खोल्या, न्हाणीघर, कोठीची खोली खाली आणि बसायची खोली, स्वयंपाकघर वर, आकाशाजवळ. म्हाताऱ्या माणसांना जिना चढावा लागतो ही खरी अडचण आहे. त्यासाठी एक खोली खाली चौकालगत राखता येते. उजेड न लागणारं जे जे असतं, कपाटं, न्हाणी, देवघरामागची अडगळ, ते सगळं बाजूच्या बंद भिंतीला चिकटवावं. न्हाणीला हवेसाठी नळकांडं पुरतं. जिना बंद पेटीत कोंडू नये. पायऱ्यांमधून आरपार दिसेल असा लोखंडी जिना करून त्याच्यावर काचेचं छत दिलं, तर तो स्वतःच एक प्रकाशकूप होतो.

सिरुसेरीच्या अक्षांशावर हेच गणित निराळं उत्तर देतं. तिथे डिसेंबरातही सूर्य जवळजवळ ५४ अंशांवर असतो आणि ऊन कुणालाच नको असतं. २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या आसपास तो बरोबर माथ्यावर येतो. पुण्याचा शून्य सावली दिवस त्यामानाने मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. २४ एप्रिल आणि १८ ऑगस्ट यांच्या मधले जवळजवळ चार महिने चेन्नईत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. उत्तरेच्या खिडकीला ऊन लागत नाही, हे शाळेत ठसलेलं ज्ञान तिथे उपयोगाचं नाही. उत्तरेलाही छज्जा लागतो. म्हणूनच मुत्रम लहान ठेवून कौलं आत झुकवलेली असतात.

चौक सोडल्यावर पुढचं काम भिंतींच्या रंगाचं, आणि ते सगळ्यांत स्वस्त आहे. पांढरी चुन्याची भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा साधारण चार-पंचमांश भाग परत देते. उघडी लाल वीट तीस टक्क्यांच्या आसपास. चौकात उतरणारा उजेड खालच्या खोलीत पोचेपर्यंत दोन-तीन भिंतींवर आपटतो. तीन वेळा आपटला तर पांढऱ्या भिंतींवरून शंभरातले एकावन्न भाग उरतात, विटांवरून तीनसुद्धा नाहीत. मासिकांतल्या फोटोंत उघड्या विटांचा चौक फार देखणा दिसतो, पण तो बंगल्याच्या ऐसपैस अंगणाला शोभतो. बारा फुटांच्या चौकाला दरवर्षी दिवाळीआधी चुना लावावा. जुन्या भिंती दोन-दोन फूट जाड असतील तर खिडकीच्या कडा आतून तिरक्या छाटाव्यात. उघडणी तेवढीच राहते, पण उजेड आत पसरतो आणि बसायला कोनाडा मिळतो तो वेगळाच.

जगात इतरत्र याच अडचणीची जी उत्तरं निघाली, त्यांतली दोन सांगण्यासारखी आहेत. चार्ल्स कोरिया यांनी १९६१-६२ मध्ये अहमदाबादेत गुजरात हाउसिंग बोर्डासाठी ‘ट्यूब हाउस’ उभं केलं. रुंदी अवघी ३.६ मीटर, लांबी १८.२, म्हणजे जवळपास आपली अठरा बाय साठच, त्याहूनही अरुंद. आत दारं जवळजवळ नव्हती, उंचसखल पातळ्यांनीच खोल्या वेगळ्या केलेल्या. तापलेली हवा उतरत्या छताला लागून वर चढायची आणि माथ्याच्या फटीतून निघून जायची, तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जायची. चौकाचं हेच दुसरं काम, आणि चेन्नईच्या दमट हवेत उजेडापेक्षाही मोलाचं.

दुसरं ओसाकातलं. तादाओ आंदो यांनी १९७६ मध्ये सुमियोशी भागातल्या लाकडी चाळवजा घरांच्या रांगेतलं मधलं घर काढून तिथे काँक्रीटची पेटी बसवली: ३.३ मीटर रुंद, १४.१ मीटर लांब. रस्त्याकडून फक्त दार, खिडकी नाही. या चिंचोळ्या पेटीचा मधला तिसरा हिस्सा त्यांनी उघडाच ठेवला. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, वर दोन झोपायच्या खोल्या आणि त्यांना जोडणारा उघडा पूल. पावसात रात्री न्हाणीघरात जायचं तर छत्री घेऊन. जपानी वास्तुरचनाकारांच्या संस्थेने या घराला १९७९ साली पुरस्कार दिला. सोवळ्यात भिजत चौक ओलांडणाऱ्या आपल्या आज्यांना कुणी काही दिलं नाही. मला आंदोंचा हट्ट मान्य आहे, छत्री मान्य नाही. पडवीचा चार फुटांचा पत्रा हा प्रश्न सोडवतो आणि वाड्याने तो केव्हाच सोडवला होता.

चौकाचा खरा शत्रू घरातच असतो. पाऊस येतो, कबुतरं येतात, माकडं येतात, चोर येईल असं वाटतं. मग कुणीतरी फायबरचा पत्रा टाकून चौक बंद करतं. पहिल्या उन्हाळ्यात भट्टी होते, दुसऱ्या वर्षी पत्र्यावर शेवाळ चढतं आणि तिसऱ्या वर्षी चौकात ट्यूबलाइट लागते. झाकायचंच असेल तर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा भिंतींच्या माथ्यापासून फूट-दीड फूट वर उचलून बसवावा आणि चारी बाजू जाळीने मोकळ्या ठेवाव्यात. पाऊस अडतो, गरम हवा सुटते. पत्रा धुवायला वर जाण्याची सोय आधीच करावी, नंतर ती कधीच होत नाही. उघडा ठेवायचा तर वर बारीक लोखंडी जाळी, खाली तीन-चार इंच खोल फरशी आणि पाणी जायला दोन वाटा. एकच वाट ठेवली की ती नेमकी मोठ्या पावसात तुंबते. ते पाणी गटारात सोडण्याऐवजी विहिरीत नाहीतर शोषखड्ड्यात न्यावं. तमिळनाडूने २००३ पासून पावसाचं पाणी मुरवणं इमारतींना सक्तीचंच केलं आहे. मुत्रममधलं पाणी त्याआधीही भांड्यांत आणि विहिरीत भरून घेतलं जात होतंच.

जुन्या वस्तीत बांधकामाची रीतही बदलावी लागते. बोळात ट्रक शिरत नाही, वाळू घमेल्याने वाहावी लागते, रेडीमिक्सचा प्रश्नच नाही. बाजूची भिंत सामाईक असते आणि शेजाऱ्याच्या माडीच्या तुळया तिच्यातच टेकलेल्या असू शकतात. पाडकामाआधी त्या कुठे टेकल्या आहेत हे दोघांनी मिळून पाहिलं नाही, तर भांडण कोर्टात जातं. पाया खणताना शेजारच्या दगडी जोत्याच्या खाली जाऊ नये, गेलंच तर तीन-चार फुटांच्या तुकड्यांनी खणून लगेच भरत जावं. चेन्नईत ट्रिप्लिकेन, जॉर्ज टाउनसारख्या दाट वस्त्यांत नियमच असे, की घरं एकाला एक चिकटून बांधता येतात, बाजूला जागा सोडावी लागत नाही. अशा ठिकाणी तर चौकाशिवाय दुसरा उपाय नाही.

आणि काही ठिकाणी नवं बांधताच येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर पुरातत्त्व कायद्याप्रमाणे केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, पुढच्या दोनशे मीटरना परवानगी लागते. शनिवारवाड्याभोवतालची कितीतरी घरं या शंभर मीटरांत येतात. तिथल्या माणसांचं गाऱ्हाणं खोटं नाही. वाडा मोडकळीला आलेला, बिल्डर फिरकत नाही, आणि राहायचं कसं? पण दुरुस्तीला परवानगी मागता येते, आणि अशा घरांत उजेडाचं निम्मं काम दुरुस्तीनेच होतं. भाडेकरूंच्या दोन-दोन खोल्या पाडण्यासाठी सोप्यात घातलेले लाकडी पडदे आणि पत्र्याच्या भिंती काढायच्या. चौकावरचं छप्पर उतरवायचं. कडेपाटाखालच्या काजळलेल्या तक्तपोशीला चुना द्यायचा. कौलांच्या प्रत्येक उतारावर चार-सहा कौलं काढून काचेची बसवायची. ती बाजारात मिळतात आणि एका दुपारचं काम आहे. सागवानी खांब किडले नसतील तर राहू द्यावेत. पायथ्याशी कुजलेले असतील तर तेवढा तुकडा कापून खाली दगडी तळखडा वाढवता येतो, वरची माडी टेकू देऊन धरायची. हे जाणणारे सुतार अजून आहेत, पण पावसाळ्याआधी त्यांना वेळ नसतो, त्यामुळे दिवाळीतच बोलून ठेवावं.